आठ आण्यांवर अडकलेलं दूध

माझं डोकं तापट. लपवून काय उपयोग, सगळ्या डेअरीला ठाऊक होतं. तोंडावर मला 'मिस्त्री' म्हणायचे आणि पाठ वळली की 'भडकू'. आमची ही म्हणते, "तुमच्या डोक्यावर पातेलं ठेवलं तर गॅस वाचेल." एकतीस वर्षं मी दुधाच्या कारखान्यात पाइप जोडले, पंप उघडले, व्हॉल्व्ह बसवले, आणि खरं सांगतो, त्यातली पहिली वीसेक वर्षं कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. मग एका आठवड्यात एका बाईंनी मला असं गप्प केलं की अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. त्या बाईंविषयी सांगायचं आहे.

सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्यांचे यजमान आमच्या पाश्चरायझरवर ऑपरेटर होते. छातीच्या दुखण्यात गेले, आणि त्यांच्या जागी मावशींना कामावर घेतलं. शिक्षण आठवीपर्यंत. यंत्र चालवायला कोण देणार? मग साहेबांनी त्यांना नोंदवहीचं काम दिलं. पाश्चरायझरच्या अंगावर चार थर्मामीटर होते. दर अर्ध्या तासाने ते वाचायचे आणि वहीत चार आकडे लिहायचे, बस्स. शेवटी एक रकाना होता 'शेरा' नावाचा. तो मात्र मिस्त्रीने भरायचा, म्हणजे मी. मी आपला 'ठीक' लिहून सही ठोकायचो, दिवसाचे सगळे 'ठीक' संध्याकाळी एकदम.

मला वाटायचं, चार आकडे लिहायला अक्कल ती काय लागते! स्टुलावर बसायचं, चष्मा पुसायचा, वाचायचं, लिहायचं. घरी म्हाताऱ्या सासूबाई, एक शिकणारी मुलगी, आणि इथे हे स्टूल. मावशींचं आयुष्य म्हणजे एवढंच, असं मी धरून चाललो होतो.

आता ते यंत्र काय आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कच्चं दूध टाकीतून येतं चार अंशांवर, बर्फासारखं. ते तापवायचं चौऱ्याहत्तरपर्यंत, म्हणजे त्यातले जंतू मरतात. आणि तापवलं की पुन्हा थंड करायचं. आता एकीकडे थंड दूध तापवायला वाफ जाळायची आणि दुसरीकडे तापलेलं दूध थंड करायला बर्फाचं पाणी ओतायचं, हा कोणता शहाणपणा? म्हणून मध्ये स्टीलच्या पातळ प्लेटांचा एक ठोकळा असतो. शंभर-सव्वाशे प्लेटा, एकीला एक चिकटून. एका फटीतून थंड दूध, शेजारच्या फटीतून तापलेलं. दूध दुधाला शिवत नाही, नुसती ऊब पत्र्यातून पलीकडे जाते. जाणारं येणाऱ्याला तापवतं आणि स्वतः निवतं. ते चार थर्मामीटर म्हणजे या दोन्ही दुधांचं, आत शिरताना एकेक आणि बाहेर पडताना एकेक. नंतर वाफेने फक्त उरलेले दहा अंश चढवायचे.

मावशींनी पहिल्याच वर्षी स्वतःशी एक खेळ सुरू केला. कच्चं दूध चारवर आहे, तापलेलं चौऱ्याहत्तरवर. म्हणजे थंड दुधाला चढायला जागा किती? सत्तर अंश. त्याहून जास्त चढणं शक्यच नाही, कारण देणाऱ्याकडेच तेवढं आहे. आणि ठोकळ्यातून बाहेर पडताना ते चढलं किती? समजा साठ. तर सत्तरातले साठ. आपण 'सोळा आणे खरं' म्हणतो ना, तसं मावशींनी त्या अपूर्णांकाचे आणे केले. सत्तर म्हणजे सोळा आणे, तर साठ म्हणजे पावणेचौदा. वहीच्या समासात, बारीक अक्षरात, प्रत्येक नोंदीपुढे त्या आणे लिहायला लागल्या. त्यावरून आम्ही त्यांची टिंगल करायचो. मी विचारायचो, "काय मावशी, आज माझं काम किती आणे?" त्या म्हणायच्या, "तोंड सोळा, काम बारा." हसायचे सगळे. मी भडकायचो.

पण एकदा त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचे डोळे कसे झाले होते ते मला आज समजतं. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, मला एक गोष्ट दिसली. थंडीत दूध तीनवर येतं, उन्हाळ्यात टाकी दमते तेव्हा नऊवर येतं. कधी आपण बहात्तरपर्यंत तापवतो, कधी अठ्ठ्याहत्तर. चारही आकडे रोज वेगळे. पण आणे? आणे तेच! बाहेर काहीही होऊ दे, ठोकळा आपले पावणेचौदा सोडत नाही. जणू तो त्याचा स्वभाव आहे."

मी म्हणालो होतो, "असेल असेल," आणि पाना शोधायला गेलो होतो. कप्पाळ माझं.

मग काही वर्षांनी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एक मास्तरीणबाई विद्यार्थ्यांना घेऊन कारखाना बघायला आल्या. विद्यार्थी सगळे चीजच्या खोलीत घुटमळले. बाई मात्र नोंदवही चाळता चाळता समासापाशी थांबल्या. "हे आणे कुणी काढले?" मावशी घाबरल्या, वाटलं वही खराब केली म्हणून ओरडा बसणार. बाई तिथेच दुसऱ्या स्टुलावर बसल्या आणि दुपारभर उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "अहो, याला शास्त्रात नाव आहे. याला परिणामकता म्हणतात. जे मिळू शकतं त्यातलं मिळालं किती. लोक हे पुस्तकातून शिकतात, तुम्ही थर्मामीटरवरून काढलंत!"

त्या दुपारी बाईंनी मावशींना दुसरी गोष्ट शिकवली. हे आणे ठरतात कशावरून? तर एका भागाकारावरून. वर यंत्राची ताकद, म्हणजे प्लेटा किती आणि त्यांच्यातून ऊब किती सहज जाते. खाली दुधाचा वेग, दर मिनिटाला किती दूध ढकलता. मावशींनी लगेच आपल्या भाषेत केलं, "म्हणजे यंत्राचा दम भागिले दुधाची घाई." बाई म्हणे खूप हसल्या आणि म्हणाल्या, आता मी वर्गात हेच सांगणार. मग त्या भागाकाराला मावशी नुसतं 'दम' म्हणायला लागल्या. दोन्ही दुधं सारख्याच वेगाने वाहत असतील आणि समोरासमोरून येत असतील तर हिशेब पोराटोरांना जमेल असा. दम एक असेल तर दोनातला एक भाग मिळतो, म्हणजे आठ आणे. दम दोन, तर तीनातले दोन. दम सहा, तर सातातले सहा. आमच्या ठोकळ्याचा दम होता सहा. करा भागाकार, पावणेचौदा!

बाईंनी एका कागदावर दोन रेघा काढून दिल्या होत्या. एक रेघ हळूहळू सोळाकडे चढत जाणारी. दुसरी भराभर चढून मध्येच आडवी झालेली. तो कागद मावशींनी चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवला. डबी मिटायची नाही, तिला रबर लावावं लागायचं.

त्यानंतर मावशी यंत्राच्या पोटातलं सांगायला लागल्या. दुधाचा थर प्लेटांवर बसत गेला की दम उतरतो. सहाचा पाच, पाचाचा चार. दम चारावर आला, आणे पावणेतेरा झाले, की त्या प्लेटा धुणाऱ्या काकांना सांगायच्या, "काका, परवा उघडा." उघडलं की बरोब्बर तेवढाच थर. मी म्हणायचो, योगायोग. दरवेळी योगायोग! नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं. मला कळत नव्हतं म्हणून त्यात काही नव्हतं.

हे धुणारे काका आता नीट ओळखून ठेवा, कारण या गोष्टीचा सगळा जीव त्यांच्यात अडकला होता. त्यांना ब्रशवाले काका म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, गुडघे गेलेले, हात ॲसिडच्या पाण्याने भेगाळलेले. बोलणं जवळजवळ नाही. तेरा वर्षं ठोकळा उघडून एकेक प्लेट बाळाला आंघोळ घालावी तशी घासली त्यांनी. दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं आणि त्या गुडघ्यांवर कुणी दिलंही नसतं.

तर त्या वर्षी दोन दिवस कारखाना बंद ठेवून मी जुने पाइप काढले. त्यांची वळणं, आम्ही वाकणं म्हणतो, झिजली होती. नवे पाइप, नवी वाकणं, सगळं माझ्या हाताने. काकांनी त्याच दोन दिवसांत प्लेटा धुतल्या. माझा एक नियम होता, आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता: खालून भरा, वरून सोडा. टाकी असो, पिंप असो, काहीही असो, खालून भरलं की हवा वरून निघून जाते, आत फुगा अडकत नाही. जुन्या जोडणीत थंड दूध खालून शिरायचं आणि तापलेलं वरून. मी बघितलं आणि म्हटलं, कुण्या गाढवाने केलंय हे! नव्या जोडणीत मी दोन्ही खालून घेतले. हवेचा प्रश्नच मिटला. स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू केलं आणि दूध तापेचना. चौऱ्याहत्तर अंश झाल्याशिवाय एक व्हॉल्व्ह दूध पुढे जाऊच देत नाही, परत टाकीत ढकलतो. तो व्हॉल्व्ह सारखा आपटत होता, ठक, ठक, ठक. बाहेर दुधाच्या गाड्यांची रांग. शेवटी दूध बंद केलं, थंड टाकीतलं पाणी सोडलं, व्हॉल्व्ह हाताने उघडा धरला आणि पाण्यावर चालवून पाहिलं. आत येणारं पाणी चार. वाफ पूर्ण सोडून तापलेलं जेमतेम अडतीस. आणि ठोकळ्यातून बाहेर पडणारी दोन्ही टोकं एकवीस, एकवीस. दोन थर्मामीटर तंतोतंत सारखे! मी म्हटलं, थर्मामीटर मेला. नवा बसवला. तोही एकवीस.

मावशी वही घेऊन माझ्याकडे आल्या. "मिस्त्री, आठ आणे आलेत. बरोब्बर आठ. मला वाटतं..."

मी कशाला ऐकतोय! सगळ्या कामगारांसमोर ओरडलो, "मावशी, तुम्ही आकडे लिहा. अर्थ आम्ही लावू!"

त्या वळल्या आणि स्टुलावर जाऊन बसल्या.

साहेब धावत आले. "काय झालंय?" मी छातीठोकपणे सांगितलं, "प्लेटा खराब झाल्यात साहेब. धुताना ॲसिड जास्त झालंय नाहीतर थर राहिलाय. पाइप तर सगळे नवे आहेत." मला तसंच वाटत होतं, देवाशपथ. खोटं बोललो नाही. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, त्यातला प्रकार. काका मान खाली घालून एवढंच म्हणाले, "नेहमीसारखंच धुतलं होतं, मिस्त्री."

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. काकांनी दिवसभर, गुडघ्यावर बसून, एकेक प्लेट माझ्यासमोर घासली. आरशासारखी. पुन्हा आवळलं, पाणी सोडलं. एकवीस, एकवीस. आठ आणे.

त्याच्या पुढच्या दिवशी मी कोठारातल्या वीस नव्या प्लेटा ठोकळ्यात वाढवल्या. जास्त प्लेटा, जास्त ऊब, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. आठ आणे. मग पाण्याचा वेग निम्मा केला. आता वाफेला उसंत मिळाली, पाणी चौऱ्याहत्तरपर्यंत पोचलं, मी उडीच मारली. आणि बाहेर पडणारी टोकं? एकोणचाळीस, एकोणचाळीस. सत्तरातले पस्तीस. मावशींनी समासात शांतपणे लिहिलं, आठ.

तेवढ्यात साहेबांच्या खोलीतून कारकुनाने बातमी आणली. काकांना कामावरून काढल्याचं पत्र टाइप झालंय, संध्याकाळी पाच वाजता हातात देणार. कारण, हलगर्जीपणाने यंत्राची हानी. काका तिथेच प्लेटांच्या चौकटीला टेकून बसले. हातातला ब्रश मात्र त्यांनी खाली ठेवला नाही.

मी आपल्या वर्कशॉपमध्ये जाऊन धुसफुसत बसलो. दुपारचे दोन वाजले असतील. मावशी आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. चष्म्याच्या डबीचं रबर काढलं, कागद उघडला आणि माझ्या बाकावर, पान्यांच्या मध्ये पसरला.

"मिस्त्री, मला पाच मिनिटं द्या. नंतर हवं तेवढं ओरडा."

काय झालं कोण जाणे, मी कागदाशेजारचे पाने बाजूला सारले.

"धुतलं, आठ आणे. वीस प्लेटा वाढवल्या, आठ आणे. वेग निम्मा केला, आठ आणे. अडतीसला तापवलं तरी आठ, चौऱ्याहत्तरला तापवलं तरी आठ. घाण असती तर असं झालं असतं का? घाण असती तर प्लेटा वाढवल्यावर साडेआठ झाले असते, वेग कमी केल्यावर दहा झाले असते. घाणीचा आकडा हलतो. हा हलतच नाही. अहो, प्लेटा वीस घाला नाहीतर दोन हजार घाला, हा आठच्या वर जाणार नाही!"

आणि त्यांनी कागदावरच्या दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. भराभर चढून आडवी झालेली ती रेघ. ती आडवी झाली होती बरोबर निम्म्यावर.

"ही रेघ कधी लागते माहीत आहे? दोन्ही दुधं एकाच बाजूने शिरून एकाच दिशेने निघाली की. थंडही खालून, गरमही खालून. सोबत चालता चालता हे तापतं, ते निवतं, आणि वाटेत कुठेतरी दोघं सारखे होतात. सारखे झाल्यावर कोण कुणाला काय देणार? उरलेल्या प्लेटा नुसत्या उभ्या. म्हणून बाहेर पडताना दोन्ही एकवीस, दोन्ही एकोणचाळीस. थर्मामीटर बिघडला नव्हता हो, तो खरं सांगत होता. आणि समोरासमोरून आले तर? बाहेर निघणाऱ्या थंड दुधाला शेवटच्या प्लेटेवर भेटतं ते नुकतंच आत आलेलं, सगळ्यात गरम दूध. म्हणून ते साठ अंश चढतं."

मी कागद जवळ ओढला. डोक्यात एकदम ते दोन पाइप उभे राहिले. दोन्ही खालून. माझ्या हाताने. खालून भरा, वरून सोडा.

आता माझा स्वभाव. कळलं होतं, पण वळेना. मी उसळलोच, "मावशी, एकोणीस वर्षं आकडे लिहिलेत म्हणून मला पाइप शिकवता? कशावरून हे खरं? एका कागदावरून?"

मावशी चिडल्या नाहीत. त्यांनी वही उघडली. आमच्याकडे एक नियम होता, देवघरातल्यासारखा पाळलेला: वाचल्याशिवाय लिहायचं नाही. आधी आकडा लिहून ठेवणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर दिसायचा नाही. आणि मावशींनी माझ्यादेखत, शाईच्या पेनने, समासात लिहिलं: 'साडेचार वाजता. पावणेचौदा आणे. थंड बाजू चौसष्ट.'

"प्लेटा काढू नका, धुऊ नका. नुसते गरमाचे दोन पाइप उलटे करा, वरून घ्या. वेग पूर्ण ठेवा. जादा वीस प्लेटांनी फटी वाढल्या तरी प्रत्येक फटीत पाणी मंदावतं, म्हणून फार तर अर्धा अंश इकडे तिकडे. चौसष्टऐवजी दुसरं काही आलं तर काकांच्या जोडीने मीही घरी जाते. ही नोंद साहेबांना दाखवा, तेवढ्यावरच काढतील मला."

घरी म्हातारी सासू, मुलीचं शिक्षण अर्धवट, आणि ही बाई ज्याने तिला कधी धड दोन वाक्यंही बोलू दिली नाहीत त्याच्यासमोर आपली भाकरी एका आकड्यावर लावून उभी होती. आणि चेहऱ्यावर भीती नाही. त्यांना ठाऊकच होतं.

मी पाना उचलला. दोन वाकणं सोडवायची, दोन फिरवून बसवायची. सव्वाचारला सगळं आवळून झालं. काका मदतीला आले, काय चाललंय हेही त्यांनी विचारलं नाही. पाणी सोडलं. वाफ सोडली. मी थंड बाजूच्या थर्मामीटरपुढे उकिडवा बसलो.

एकवीस. सत्तावीस. एकोणचाळीसवर आला तेव्हा मी काट्याला नाकच टेकवलं. थांबला नाही. पंचेचाळीस. बावन्न. तापलेलं पाणी चौऱ्याहत्तरला पोचलं आणि वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप मिटायला लागला, तीन दिवसांत पहिल्यांदा. साठ. बासष्ट. त्रेसष्ट. काटा हळू झाला. चौसष्टवर आला, केसभर पुढे सरकला, आणि उभा राहिला.

साडेचार वाजले होते.

अहो, मी देवळात जाणारा माणूस नाही. पण त्या क्षणी मी हात जोडले, खरंच जोडले, कुणाला ते मला माहीत नाही. त्या बंद ठोकळ्यात एकशे चाळीस प्लेटा, त्यांच्यामधून धावणारं पाणी, आत काय चाललंय ते कुणाच्या बापाला दिसत नाही. आणि एका आठवी शिकलेल्या बाईने, नुसतं काय आत जातं, यंत्रात दम किती आणि कोण कुठल्या दिशेने चालतं एवढ्यावरून, बाहेर काय येणार ते अडीच तास आधी शाईने लिहून ठेवलं होतं. आणि ते आलं! मग मला जाणवलं की हा नियम नुसत्या आमच्या ठोकळ्याचा नाही. जगात जिथे जिथे दोन सारखे प्रवाह एका दिशेने चालतात, दूध असो, तेल असो, पाणी असो, तिथे तो आठ आण्यांवरच थांबत असणार. कुणी बघो न बघो. माझी वीस वर्षांची सगळी मिस्त्रीगिरी त्या एका आडव्या रेघेपुढे एवढीशी झाली.

दूध सोडलं. व्हॉल्व्ह आपटायचा थांबला. बाहेर गाड्या हलायला लागल्या.

पाच वाजता साहेब आले, हातात पत्र. यंत्र चालू बघून खूश झाले. माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "वा, मिस्त्री! नव्या वीस प्लेटा घातल्या आणि बघा. म्हणजे जुन्या खराबच झाल्या होत्या, तुम्ही म्हणत होतात तसंच." आणि ते काकांकडे वळले.

बघा आता. एक शब्द बोलायची गरज नव्हती मला. चोर सोडून संन्याशाला फाशी आपसूक होत होती, आणि वर माझं कौतुक. पाइप फिरवलेले काकांनी पाहिले होते, पण ते बोलणारे नव्हते. मावशी बोलतील असं वाटलं. त्याही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त वही माझ्यासमोर सरकवली, पेन वर ठेवलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, एक मिनिट. शेरा भरायचा राहिलाय. तो मिस्त्रींचा रकाना आहे."

त्या पानावर तीन दिवसांचे आठ आणे एकाखाली एक उभे होते. शेवटी साडेचारची नोंद. पुढचा रकाना कोरा.

मी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. 'प्लेटा चांगल्या होत्या. धुणं चांगलं होतं. मी दोन्ही पाइप खालून जोडले. चूक माझी.' खाली सही केली आणि वही साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी दोनदा वाचलं. नंतर मला जे काही सुनावलं ते इथे सांगत नाही. सहा महिने मला एकट्याने कुठलंही जोडकाम दिलं नाही, नवं वाकण बसवायचं तरी कुणीतरी शेजारी उभं. योग्यच होतं. पत्र त्यांनी घडी घालून खिशात टाकलं आणि ते पुन्हा बाहेर आलं नाही. मी काकांपुढे जाऊन उभा राहिलो. शेवटी काकाच म्हणाले, "गॅस्केट एक सैल वाटतंय, मिस्त्री. उद्या बघू," आणि ब्रश धुवायला गेले.

साहेब गेल्यावर मी मावशींना विचारलं. मला राहवेना. "मावशी, तुम्हाला हे कधी कळलं होतं?"

"पहिल्याच नोंदीला. दोन्ही एकवीस आले तेव्हाच."

"मग तीन दिवस गप्प का बसलात? काकांनी गुडघ्यावर बसून सगळ्या प्लेटा पुन्हा घासल्या हो!"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "सांगायला आले होते मी. तुम्ही म्हणालात, आकडे लिहा, अर्थ आम्ही लावू."

मला वाटलं, एखाद्याने कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं. मावशी आपल्या कामाला लागल्या.

साडेपाच वाजले. त्या उठल्या, चार थर्मामीटर वाचले, चार आकडे लिहिले. मग एकोणीस वर्षं करत आल्या तसं वही फिरवून शेऱ्याचा रकाना माझ्याकडे केला.

मी वही पुन्हा त्यांच्याकडे फिरवली. "तुम्ही लिहा, मावशी. अर्थ तुम्ही लावा."

"मी? अहो, नियमात नाही ते."

"साहेबांना मी सांगतो. माझी सही खाली करतो. पण लिहायचं तुम्ही."

त्यांनी वही जवळ ओढली. चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. मग, ज्या रकान्यात एकोणीस वर्षं माझं 'ठीक' पडत आलं होतं, त्यात त्यांनी पहिल्यांदा, समासातल्यापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं: पावणेचौदा.